धर्माच्या गाईचे दात

सुरत–भुसावळ रेल्वेमार्गावर नवापूर आणि नंदुरबार यांच्या दरम्यान चिंचपाडा हे छोटे स्टेशन लागते. नवापूर तालुक्यातल्या या गावात चिंचपाडा ख्रिश्चन हॉस्पिटल आहे. पश्चिम खानदेशात काम करणाऱ्या स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनच्या वैद्यकीय सेवेतून गेल्या शतकाच्या चाळिशीच्या दशकात ते उभे राहिले. पुढे ते दिल्लीत मुख्यालय असलेल्या इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशनकडे आले. परदेशी मिशनरी परतू लागले तेव्हा उत्तर आणि मध्य भारतातली अशी जुनी रुग्णालये बंद पडू नयेत म्हणून १९७०च्या सुमारास ही संस्था स्थापन झाली. ज्या जिल्ह्यात २०११च्या जनगणनेनुसार साडेसोळा लाखांच्या आसपास लोकसंख्या आणि त्यात जवळजवळ सत्तर टक्के आदिवासी, तिथे बाळंतपण अडले, साप चावला, सिकलसेलच्या पोराला कळा आल्या तर जायचे कुठे, या प्रश्नाचे एक उत्तर म्हणजे असा धर्मादाय दवाखाना. या रुग्णालयाविरुद्ध गाऱ्हाणे मांडण्याचा या लेखाचा हेतू नाही. अशा आडवळणाच्या जागी पिढ्यान्‌पिढ्या दार उघडे ठेवणे किती कठीण असते, हे सरकारी यंत्रणेकडे पाहिले तरी समजते. उलट, काम चांगले असलेल्या संस्थेपाशीच हा प्रश्न नीट विचारता येतो, म्हणून चिंचपाड्यापासून सुरुवात केली. प्रश्न असा: धर्मादाय संस्थेने हिशोब कोणाला द्यायचा?

अशा रुग्णालयाशी ज्यांचे हित जोडलेले असते त्यांची मोजदाद केली तर यादी लांबते. मुख्य कार्यालय, देशातले आणि परदेशातले देणगीदार, धर्मादाय आयुक्त, आयकर खाते, परकीय देणग्यांवर लक्ष ठेवणारे केंद्रीय गृह मंत्रालय, योजनांचे पैसे देणारे राज्य सरकार, देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले डॉक्टर आणि परिचारिका, स्थानिक कर्मचारी, गावची ग्रामसभा आणि शेवटी पाड्यावरून आलेला रुग्ण. यातल्या बहुतेकांना काही ना काही लेखी मिळते. कोणाला लेखापरीक्षण अहवाल, कोणाला विवरणपत्र, कोणाला छायाचित्रांसह वार्षिक अहवाल. रुग्णाला मिळतो तो केसपेपर आणि बिल. संस्थेचे वर्ष कसे गेले, किती जणांना सवलत मिळाली, कोणाला नाकारली गेली आणि का, तक्रारी किती आल्या, त्यांचे काय झाले, हे ज्याच्यासाठी संस्था आहे त्यालाच सांगितले जात नाही. महाराष्ट्रातल्या बहुतेक धर्मादाय रुग्णालयांची, वसतिगृहांची, आश्रमशाळांची हीच रीत आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की ही रीत उलटी आहे. घेणाऱ्याला हिशोब मागण्याचा हक्क आहे, तो त्याला त्याच्या बोलीत मिळाला पाहिजे, आणि संस्थेच्या नैतिकतेची खरी परीक्षा तिथेच होते.

वरच्या दिशेने जाणारा हिशोब कमी आहे, असे कोणी म्हणू शकणार नाही. न्यायमूर्ती तेंडोलकर समितीच्या शिफारशींनंतर मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० साली आला. आज त्याच्या नावात मुंबईऐवजी महाराष्ट्र आहे. त्यापूर्वी देवस्थानांची आणि ट्रस्टांची मालमत्ता विश्वस्तांच्या घरची असल्यासारखी वापरली जात होती आणि विचारणारे कोणी नव्हते. या कायद्याने नोंदणी सक्तीची केली, हिशोब ठेवायला आणि तपासून घ्यायला लावले, जमीन विकायची तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी घ्या म्हटले, विश्वस्त बदलले की फेरफार अर्ज भरा म्हटले. हे मोठे काम झाले. त्यावर आयकर कायद्याची विवरणपत्रे आली आणि परकीय देणगी घेणाऱ्यांसाठी २०१०चा परकीय योगदान नियमन कायदा, म्हणजे एफसीआरए. सप्टेंबर २०२०मध्ये त्यात दुरुस्ती होऊन परकीय देणगी फक्त स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यायची, ती दुसऱ्या संस्थेला पुढे द्यायची नाही आणि प्रशासकीय खर्च पूर्वीच्या पन्नासऐवजी वीस टक्क्यांच्या आत ठेवायचा, अशी बंधने आली. यामागचा हेतू देखरेखीचा होता, असे धरून चालू. पण जुलै २०२२मध्ये नियम बदलले आणि दर तिमाहीला आलेली परकीय देणगी संकेतस्थळावर जाहीर करण्याची तरतूद काढून टाकण्यात आली. त्याच सुमारास संस्थांची वार्षिक विवरणपत्रेही मंत्रालयाच्या संकेतस्थळावर सर्वसामान्यांना दिसेनाशी झाली. म्हणजे दिल्लीकडे जाणारी कागदाची वाट रुंद झाली आणि लोकांना आत डोकावता येईल अशी खिडकी बंद झाली. हिशोब वाढला, पण जबाबदारी त्या प्रमाणात वाढली नाही, कारण हिशोब कोणाकडे जातो यावर ती ठरते.

यावर पहिला आक्षेप आपल्या भाषेतच तयार आहे. धर्माची गाय आणि दात का नाय, असे आपण फुकट मिळालेल्या वस्तूत खोट काढणाऱ्याला हिणवतो. देणाऱ्याने दिले, घेणाऱ्याने घ्यावे आणि दुवा द्यावा. ही समजूत इतकी खोल आहे की घेणारेही ती मानतात. दवाखान्यात बाईला नीट बोलले गेले नाही तरी ती म्हणते, त्यांनी एवढे केले ते काय कमी आहे. पण ही गाय नेमकी कोणी दिली, हे एकदा पाहायला हवे. देणगीदाराने शंभर रुपये दिले आणि जुन्या करप्रणालीत कलम ८०जी खाली त्यातल्या निम्म्यावर वजावट घेतली, तर तीस टक्के कर भरणाऱ्याचे पंधरा रुपये वाचतात. ते पंधरा रुपये सरकारी तिजोरीत यायचे होते, म्हणजे ते सगळ्यांचे होते. संस्थेच्या उत्पन्नावर कर नाही, तीही सार्वजनिक सवलतच. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून रुग्णालयांना जो पैसा मिळतो, तो सरकारी तिजोरीतलाच. आणि ग्रामीण धर्मादाय रुग्णालय सहसा पूर्ण मोफत नसते. ज्याला शक्य आहे तो फी भरतो आणि त्या फीमधून न भरू शकणाऱ्याचे बिल कमी होते. शेजारच्या पाड्यावरच्या माणसाने कोंबड्या विकून भरलेले पैसे आपल्या पोराच्या सलाइनला लागलेले असू शकतात. म्हणजे या गाईच्या चाऱ्यात घेणाऱ्याचाही वाटा आहे. तिचे दात मोजायचा हक्क त्याला का नसावा?

कायद्याने या प्रश्नाचे उत्तर दिले आहे, पण अर्धवट. १९५०च्या कायद्यात हितसंबंधी व्यक्ती कोण, याची व्याख्या कलम दोनच्या दहाव्या पोटकलमात आहे. विश्वस्तांवर दावा लावायचा तर धर्मादाय आयुक्तांची लेखी संमती घेऊन अशा सहसा किमान दोन हितसंबंधी व्यक्तींनी पुढे यावे लागते, म्हणून ही व्याख्या महत्त्वाची. तिच्यात देवळाच्या बाबतीत कोणाला हक्क दिला आहे ते वाचण्यासारखे आहे. जो पूजेला जायचा अधिकारी आहे किंवा नेहमी जातो, इतकेच काय, देवळात वाटल्या जाणाऱ्या वस्तूंचा लाभ घेण्याची ज्याला सवय आहे, तोही हितसंबंधी. रोज प्रसाद घेणारा माणूस पुजाऱ्याला आणि विश्वस्ताला जाब विचारू शकतो. मठाच्या बाबतीत शिष्य, वक्फच्या बाबतीत लाभ मिळण्यास पात्र असलेला. मात्र संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली नोंदलेल्या सोसायटीच्या बाबतीत व्याख्या फक्त सभासदाचा उल्लेख करते. लाभार्थ्याचा उल्लेख येतो तो उरलेल्या इतर न्यासांच्या बाबतीत. आपल्याकडच्या शाळा, वसतिगृहे, रुग्णालये चालवणाऱ्या असंख्य संस्था सोसायटी म्हणूनच नोंदलेल्या आहेत. म्हणजे देवळात प्रसाद घेणाऱ्याचे नाव कायद्याने घेतले आणि सोसायटीच्या दवाखान्यात औषध घेणाऱ्याचे घेतले नाही. व्याख्या समावेशक आहे, न्यायालय तिचा अर्थ रुंद करू शकते, हे खरे. पण विसरवाडीच्या किंवा खांडबाऱ्याच्या शेतमजुराने त्यासाठी वकील लावून नंदुरबार, नाशिक, मुंबई करावे, ही अपेक्षा फार दूरची आहे.

मोठ्या धर्मादाय रुग्णालयांसाठी कायदा एक पाऊल पुढे गेला. १९५०च्याच कायद्याचे कलम ४१एए आणि मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेली, १ सप्टेंबर २००६पासून लागू झालेली योजना यांनुसार शासकीय सवलती घेणाऱ्या रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवायच्या, आणि एकूण बिलाच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत बाजूला काढायची. राज्यात अशी चारशेहून अधिक रुग्णालये आहेत. इथे निदान आकडा ठरलेला आहे, मोजता येतो. तरीही एप्रिल २०२५मध्ये पुण्याच्या दीनानाथ मंगेशकर रुग्णालयावरून काय झाले ते राज्याने पाहिले. गर्भवती रुग्णासाठी दहा लाखांची अनामत मागितली आणि उपचाराला विलंब झाला, असा कुटुंबाचा आरोप होता. दुसरीकडे बाळंतपण होऊन जुळ्या मुली झाल्या आणि आईचा मृत्यू झाला. शासनाने चौकशी समित्या नेमल्या, निदर्शने झाली, आणि आणीबाणीच्या रुग्णांकडून यापुढे अनामत घेणार नाही असे रुग्णालयाने जाहीर केले. दोष कोणाचा किती, हे चौकशीने ठरवायचे. मला त्यात दिसते ते वेगळे. अनामतीची पद्धत रुग्णांना नवीन नव्हती. ती चुकीची आहे असे सांगायला त्यांना रुग्णालयाच्या आत जागा असती, आणि सांगितलेले विश्वस्तांच्या बैठकीपर्यंत पोचत असते, तर तो निर्णय रस्त्यावरच्या संतापाची वाट पाहत थांबला नसता. खाटांची टक्केवारी वर कळवली जात होती, पण खाली ऐकायची व्यवस्था नव्हती.

खाली ऐकायची व्यवस्था लागते, ही गोष्ट जगाला फार मोठी किंमत देऊन कळलेली आहे. १९९४ साली रेडक्रॉस आणि इतर मोठ्या मदतसंस्थांनी आचारसंहिता मान्य केली, तिच्यात एक कलम असे आहे की आम्ही ज्यांच्याकडून पैसा घेतो त्यांना आणि ज्यांना मदत करतो त्यांनाही उत्तरदायी राहू. त्याच वर्षी रवांडातला नरसंहार झाला. त्यानंतरच्या मदतकार्याचे १९९६ साली संयुक्त मूल्यमापन झाले आणि निर्वासितांना उत्तर देण्याची यंत्रणाच नाही, हे उघड झाले. त्यातून पुढे मानके तयार झाली. २०१४च्या मूळ मानवतावादी मानकात तक्रार करता येणे आणि तिची दखल घेतली जाणे ही स्वतंत्र बांधिलकी आहे. तरीसुद्धा ऑक्सफॅमसारख्या नामांकित संस्थेच्या हैतीतल्या काही कर्मचाऱ्यांचे लैंगिक गैरवर्तन २०११ साली संस्थेला कळूनही जगापुढे आले ते फेब्रुवारी २०१८मध्ये, वृत्तपत्रातून. ब्रिटनच्या चॅरिटी कमिशनने जून २०१९मध्ये संस्थेला अधिकृत ताकीद दिली. ऑक्सफॅमच्या ताळेबंदात खोट नव्हती. भूकंपाने उद्ध्वस्त झालेल्या, मदतीवर जगणाऱ्या बायकांना तक्रार करायची तर ती मदत देणाऱ्याकडेच करावी लागत होती. उपकाराच्या नात्यात गप्प बसण्याचा दाब असतो आणि तो दाब लेखापरीक्षकाला दिसत नाही. म्हणून नैतिक उत्तरदायित्व आर्थिक उत्तरदायित्वात आपोआप येत नाही. पैसा एक रुपयाही न चुकवता खर्च करणारी संस्था माणसाशी वाईट वागू शकते.

आता परत नंदुरबारकडे येऊ, कारण दूरची उदाहरणे घ्यायची फारशी गरज नाही. २००७ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली महाराष्ट्रात आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, तेव्हा निवडलेल्या पहिल्या पाच जिल्ह्यांत अमरावती, उस्मानाबाद, पुणे, ठाणे यांच्याबरोबर नंदुरबार होते. पुण्याची साथी ही संस्था राज्यपातळीवर समन्वय करत होती. गावच्या आरोग्य समितीने स्वतः माहिती गोळा करायची: नर्सबाई ठरल्या दिवशी आल्या का, औषध बाहेरून आणायला सांगितले का, पैसे मागितले का, गाडी मिळाली का. त्यावरून उपकेंद्राचे आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचे प्रगतिपत्रक भरायचे, हिरवा, पिवळा, लाल रंग द्यायचा, आणि मग जनसुनवाई. मांडवात एका बाजूला डॉक्टर, तालुका आरोग्य अधिकारी, दुसऱ्या बाजूला गावकरी. बाई उभी राहून सांगणार की माझ्या सुनेला रात्री परत पाठवले, आणि अधिकाऱ्याने तिथेच उत्तर द्यायचे. सुरुवातीला डॉक्टर मंडळींना हे अपमानास्पद वाटले. पण फेरीगणिक बाहेरच्या औषधांच्या चिठ्ठ्या, बेकायदा पैसे घेणे यांसारख्या गोष्टींवर वचक आला, प्रगतिपत्रकांत चांगले शेरे वाढले, आणि बऱ्याच ठिकाणी डॉक्टरांनीच आपल्या अडचणी, रिक्त पदे, न आलेला औषधसाठा लोकांसमोर मांडला. मग लोकही त्यांच्या बाजूने वर भांडले. ज्या जिल्ह्यात सरकारी डॉक्टर मांडवात उभा राहून लोकांना उत्तर देऊ शकतो, तिथे धर्मादाय रुग्णालयाला ते का जमू नये, याचे समाधानकारक कारण मला सापडत नाही.

या मातीला हिशोब मागणे नवे नाही. आजच्या नंदुरबार जिल्ह्यातल्याच शहादा तालुक्यात ३० जानेवारी १९७२ रोजी भूमुक्ती मेळावा झाला, आदिवासी नेते अंबरसिंग महाराज आणि बाहेरून आलेले शिकलेले तरुण कार्यकर्ते एकत्र आले आणि त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. गहाण आणि फसवणुकीत गेलेल्या जमिनींचे कागद तपासले गेले, सालदाराच्या मजुरीचा हिशोब मागितला गेला, आणि बायकांनी दारूचे अड्डे फोडले. त्या चळवळीत भिल्लांनी कोणाकडे दया मागितली नव्हती. त्याच लोकांची नातवंडे दवाखान्याच्या दारात आली की मात्र आपण त्यांना लाभार्थी या एका शब्दात बसवतो. शिवाय नवापूर, तळोदा, अक्कलकुवा, अक्राणी हे तालुके पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथे लागू असलेला १९९६चा पेसा कायदा योग्य पातळीवरच्या पंचायतींना आणि ग्रामसभेला सामाजिक क्षेत्रांतल्या संस्थांवर आणि कर्मचाऱ्यांवर नियंत्रणाचा अधिकार देण्याविषयी बोलतो. व्यवहारात त्याचा अर्थ शाळा, अंगणवाडी, सरकारी दवाखाना एवढाच घेतला जातो. खासगी धर्मादाय संस्था त्यात सरळ बसते असे मी म्हणणार नाही. पण ज्या गावाला कायद्याने एवढा मान दिला, त्या गावाच्या ग्रामसभेत वर्षातून एकदा जाऊन बसायला संस्थेला कायद्याची सक्ती लागू नये.

दुसरा आक्षेप डॉक्टरांचा आहे आणि तो प्रामाणिक आहे. औषधोपचार बरोबर की चूक हे रुग्णाला कळत नाही, मृत्यू झाला की दोष डॉक्टरला दिला जातो, आणि आजाराची माहिती तर गोपनीय ठेवायची असते. मांडवात हे सगळे कसे बोलायचे? उत्तर असे की डोस बरोबर होता का, हे तिथे विचारायचेच नाही. त्यासाठी वैद्यकीय तपासणी वेगळी आहे आणि ती जाणकारांनीच करावी. लोकांना जे कळते ते वेगळे आणि कमी महत्त्वाचे नाही: काय झाले आहे ते आपल्या भाषेत सांगितले का, खर्चाचा अंदाज आधी दिला का, पुढच्या दवाखान्यात वेळेत पाठवले का, बिल बाकी म्हणून मृतदेह अडवला का. महाराष्ट्रात शुश्रूषागृहांसाठीच्या २०२१च्या नियमांनी दरफलक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायला सांगितली आहे, मृतदेह अडवायला मनाई केली आहे. पण घरी मावची किंवा कोकणा बोलणाऱ्या, कधी शाळेत न गेलेल्या बाईला भिंतीवरचा फलक काय सांगणार?

लोकांचे ऐकले तर वैद्यकीय कामही सुधारते, याचा पुरावा गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेने लोकांना विचारले की तुम्ही दवाखान्यात का येत नाही. उत्तरे अशी आली की कुठल्याही व्यवस्थापन तज्ज्ञाला सुचली नसती. मोठ्या इमारतीची भीती वाटते, डॉक्टर-नर्सचे पांढरे कपडे कफनासारखे दिसतात, नातेवाइकांना आत राहू देत नाहीत, आणि तिथे आमचा देव नाही. त्यावरून सर्चच्या शोधग्राम या परिसरातले रुग्णालय गावच्या घरांसारखे बांधले गेले, रुग्णाबरोबर नातेवाइकांना राहता आले, आणि रुग्णालयाला दंतेश्वरी मातेचे नाव मिळाले. दरवर्षी भरणाऱ्या आरोग्य संसदेत गावांचे प्रतिनिधी कोणत्या आजारावर आधी काम करायचे ते सांगू लागले. हीच संस्था नवजात बालकांच्या घरच्या घरी काळजीचा प्रयोग करून १९९९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध करत होती. लोकांचे ऐकल्याने तिचे शास्त्र पातळ झाले नाही. मूल नेमके कुठे आणि कोणाच्या हातात मरते हे लोकांनीच सांगितले म्हणून त्या प्रयोगाला दिशा मिळाली. बंग दांपत्याची विद्वत्ता आणि साधने सगळ्यांकडे नसतात, हे मान्य. पण दवाखान्यात यायला भीती का वाटते, हा प्रश्न विचारायला विद्वत्ता लागत नाही.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत गंभीर वाटतो. मांडव टाकला की त्यात पुढारी येणार. कोणाच्या भाच्याला नोकरी हवी असेल, कोणाला जागा. आणि मिशनची परंपरा असलेल्या रुग्णालयाच्या बाबतीत धर्मांतराचा प्रश्नही उठणार. आदिवासी भागात तो आज किती तापलेला आहे ते सांगायला नको. अशा वेळी शांतपणे रुग्ण तपासत राहावे, तोंड उघडून संकट ओढवून घेऊ नये, असा सल्ला हितचिंतक देतात. धोका खरा आहे आणि नंदुरबारसारख्या जागी काम करणाऱ्यांना तो लेख लिहिणाऱ्यापेक्षा जास्त कळतो. तरी मला वाटते, गप्प राहण्याने तो कमी होत नाही. संशय वाढतो तो माहिती नसते तिथे. पैसा कुठून आला, कशावर गेला, उपचाराच्या बदल्यात कोणाकडून काही अपेक्षा ठेवली जाते का, कोणत्याही धर्माच्या रुग्णाला तीच सवलत मिळते का, याचे उत्तर संस्थेने स्वतः, गावासमोर, वर्षानुवर्षे दिलेले असेल तर अफवा पसरवणाऱ्याला गावातलेच लोक उत्तर देतात. मंदिराच्या ट्रस्टने चालवलेले रुग्णालय असो, मिशनचे असो, की मुस्लिम संस्थेचे, हा नियम सगळ्यांना सारखाच लागू पडतो. श्रद्धेने काम करणाऱ्याला तर यात संकोच वाटू नये. पुढाऱ्यांचा बंदोबस्त मात्र रचनेत करावा लागतो. सुनवाईचे अध्यक्षपद कोणा पदाधिकाऱ्याकडे न देता आशा कार्यकर्त्या, बचतगटाच्या बायका आणि रुग्णांचे नातेवाईक यांच्याकडे द्यावे, विषय आधी ठरवावेत, आणि नोकरी-बदलीचे बोलणे तिथे चालणार नाही हे पहिल्या दिवशीच सांगावे. लोकाधारित देखरेखीत हेच शिकायला मिळाले.

राहिला कामाच्या ओझ्याचा आणि पैशाचा प्रश्न. मोजके डॉक्टर, अहोरात्र रुग्ण, त्यात दिल्लीला पाठवायची विवरणपत्रे. यात आणखी एक काम कोण करणार? इथे संस्थांची बाजू बरोबर आहे आणि दोष व्यवस्थेचा आहे. परकीय देणगीच्या नियमांत हिशोब ठेवणे, अहवाल लिहिणे आणि दाखल करणे हे सगळे प्रशासकीय खर्चात मोडते, आणि त्याला वीस टक्क्यांची मर्यादा. देणगीदारांनाही आपला पैसा औषधावर, यंत्रावर, खाटेवर गेलेला पाहायला आवडतो, ते स्वाभाविक आहे. मग लोकांना हिशोब देण्याचा खर्च कोणीच उचलत नाही. वास्तविक तो खर्च थोडा आहे. वर्षातून एक दिवस मांडव, मावची, भिली आणि कोकणा बोलणारे दुभाषी, आणि आकड्यांची दोन पाने: किती बाळंतपणे झाली, किती रुग्ण दगावले, किती जणांचे किती बिल माफ झाले, किती तक्रारी आल्या आणि त्यांतल्या कितींचे काय केले. बिल माफ करण्याचा निकष काय, हेही त्यात हवे. माफी डॉक्टरच्या मर्जीवर असेल तर ती कृपा ठरते, आणि निकष जाहीर असेल तर तो हक्क होतो. दिवस ठरवतानाही विचार हवा. दिवाळीनंतर या भागातली कितीतरी कुटुंबे कोयते घेऊन दक्षिण गुजरातच्या उसात जातात. आर्थिक वर्षाचा किंवा मुख्य कार्यालयाचा सोयीचा दिवस धरून डिसेंबरात सभा घेतली तर जे सगळ्यांत गरीब तेच नसतील. तोडीहून माणसे परतल्यावर, पाऊस सुरू होण्यापूर्वी ती घ्यावी लागेल. आणि त्या सभेत ठरलेले पुढच्या सभेत वाचून दाखवावे लागेल, नाहीतर दुसऱ्या वर्षी कोणी येणार नाही.

हे केवळ संस्थेच्या चांगुलपणावर सोडू नये, असे माझे मत आहे. विधिमंडळाला करता येण्याजोगे काम लहान आहे: हितसंबंधी व्यक्तीच्या व्याख्येत सोसायटीच्या सभासदाबरोबर तिच्या सेवेचा लाभ घेणाऱ्याचेही नाव घालायचे. एवढ्याने रुग्णाला, वसतिगृहातल्या मुलाच्या बापाला, वृद्धाश्रमातल्या आजींना तोच दर्जा मिळेल जो देवळातल्या भाविकाला पंचाहत्तर वर्षांपासून आहे. याने खोटे दावे वाढतील अशी भीती कोणाला वाटेल, पण आयुक्तांच्या लेखी संमतीची अट आहेच, ती राहू द्यावी. सरकारी पैशावर मोठ्या प्रमाणात चालणाऱ्या खासगी संस्था माहिती अधिकाराच्या कक्षेत येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९मध्ये डीएव्ही संस्थेच्या प्रकरणात सांगितले. पण सवलतीवर आणि देणगीवर चालणाऱ्या बाकीच्या संस्थांना त्याने हात लावला नाही. कायदा होईल तेव्हा होईल. तोवर देणगी देणाऱ्यांच्या हातात बरेच आहे. मुंबई-पुण्यातल्या कंपन्या सामाजिक दायित्वाच्या निधीतून, परदेशातली मराठी कुटुंबे आपल्या कमाईतून, चर्च, देवस्थाने आपल्या दानपेटीतून दरवर्षी आदिवासी भागातल्या संस्थांना पैसे देतात आणि बदल्यात छायाचित्रे आणि आकडे मागतात. त्यांनी करारात एक ओळ वाढवावी: या वर्षी लोकांसमोर हिशोब कधी आणि कोणत्या भाषेत मांडला, लोकांनी काय विचारले, ते कळवा, आणि त्या दिवसाचा खर्च आमच्याकडून वेगळा घ्या.